खेळांचे मानसपुत्र

नोव्हेंबर २००६ मध्ये ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' बाजारात आला. संगणकासाठी या कंपनीने काढलेला क्रिकेटचा तो अखेरचा गेम. पुढची आवृत्ती येईल म्हणून चाहते वाट पाहत राहिले आणि ती आलीच नाही. तरीही अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या घरांतील संगणकांवर हा गेम पुढे वर्षानुवर्षे नांदला. आवारात क्रिकेट खेळण्यास मनाई असल्याची पाटी ज्या सोसायट्यांच्या भिंतीवर असते, त्याच सोसायट्यांतील ही घरे. एकाच कळफलकाच्या दोन टोकांना दोन मित्र बसत. एक गोलंदाज, दुसरा फलंदाज. स्वयंपाकघरातून जेवणाची हाक आली, तरी शेवटचे षटक पूर्ण झाल्याखेरीज कोणी उठत नसे.

या गेमचा वारस कोण, यावर तेव्हाची मुले अजूनही वाद घालतात. आता ती नोकरी-संसारात रुळली आहेत, पण प्रश्न निकाली निघालेला नाही. त्याचे उत्तर शोधायचे, तर व्हिडिओ गेमच्या दुनियेत रूढ असलेली 'स्पिरिच्युअल सक्सेसर' ही संज्ञा आधी समजून घ्यावी लागते. मराठीत तिला 'मानसपुत्र' हा शब्द चपखल बसतो. त्याच कंपनीने त्याच नावाने पुढचा भाग काढला, तर ते औरस अपत्य. हक्क विकत घेऊन दुसऱ्याने तो वाढवला, तर दत्तक. नाव नाही, हक्क नाहीत, पात्रे नाहीत, तरीही खेळताना पहिल्याची ओळख पटते, तो मानसपुत्र.

अशा अपत्यांचा जन्म बहुधा कायद्याच्या अडचणीतून होतो. गेमचे नाव, पात्रे, चित्रे, संगीत, संगणकीय आज्ञावली यांवर मालकी सांगता येते. खेळण्याच्या कल्पनेवर ती सांगणे फार कठीण. 'वेस्टलँड' हा अणुयुद्धानंतरच्या ओसाड जगाचा गेम इंटरप्ले या कंपनीने १९८८ मध्ये घडवला, पण हक्क प्रकाशक ईएकडे होते. ते मिळेनात, तेव्हा इंटरप्लेने तसेच उद्ध्वस्त जग नव्या नावाने उभे केले. १९९७ चा 'फॉलआउट' तो हाच. पुढे फॉलआउटच बेथेस्डा कंपनीच्या घरी दत्तक गेला आणि २००८ मध्ये त्याचा तिसरा भाग तेथे निघाला. मूळ वेस्टलँडची औरस संतती, म्हणजे 'वेस्टलँड २', जन्मली ती २०१४ मध्ये. मानसपुत्र थोरला आणि सख्खा मुलगा धाकटा, असे हे विचित्र कुटुंब आहे.

नाव एकाकडे आणि प्राण दुसऱ्याकडे, असेही घडते. शेती करण्याच्या एका जपानी गेमला अमेरिकेत 'हार्व्हेस्ट मून' हे नाव मिळाले होते आणि त्या नावाची मालकी तेथील वितरकाकडे होती. मूळ निर्मात्यांनी २०१४ पासून वेगळी वाट धरली, तेव्हा त्यांना आपल्याच मालिकेला 'स्टोरी ऑफ सीझन्स' हे दुसरे नाव घ्यावे लागले. वितरकाने जुन्या नावाने स्वतःचे नवे गेम काढले. या भाऊबंदकीत रसिकांना जे हवे होते ते २०१६ मध्ये तिसऱ्याच दारी सापडले. एरिक बॅरोन या तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून केलेला 'स्टारड्यू व्हॅली' हाच हार्व्हेस्ट मूनचा खरा मानसपुत्र, असे आज बहुतेक जण मानतात.

आपल्याकडील लोकलच्या डब्यात या फरकाचे प्रात्यक्षिकच पाहायला मिळाले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने 'पब्जी मोबाइल'वर बंदी घातली. २६ जानेवारी २०२१ रोजी 'फौजी' आला. पब्जीची जागा तो घेईल, असे अनेकांनी परस्परच ठरवून टाकले होते. प्रत्यक्षात आरंभीचा फौजी म्हणजे गलवानच्या पार्श्वभूमीवरील हातघाईची लढाई होती. शंभर जणांतून शेवटी एक उरायचा, आकसत जाणाऱ्या वर्तुळात जीव मुठीत धरून लपायचे, हा पब्जीचा गाभा तिच्यात नव्हताच. पुढे जुलै २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' आला. तो तर वारस नव्हेच. नवे कपडे घालून परतलेला तोच माणूस. एकाने रिकामी जागा पाहिली, दुसऱ्याने नाव बदलले. मानसपुत्र दोघांपैकी कोणीच नाही.

मग ओळख कशावरून पटवायची? प्रस्तुत लेखकाच्या मते कसोटी एकच : गेम खेळणाऱ्याला क्षणोक्षणी कोणता निर्णय घ्यायला लावतो आणि तो चुकला तर कशाची धास्ती वाटते, हे पाहावे. चित्रे सुधारतात, कथा बदलते, नियमांची भर पडते. पण तो निर्णय आणि ती धास्ती तीच असेल, तर वंश तोच. आपल्या गायकीत घराणे जसे रक्ताने नव्हे तर तालमीने चालते, तसेच हे आहे.

या कसोटीवर आता क्रिकेट घासून पाहू. ईएच्या बरोबरीने कोडमास्टर्सची 'ब्रायन लारा' मालिका होती. तिचा २००७ चा गेम ऑस्ट्रेलियात रिकी पाँटिंगच्या आणि भारतात युवराजसिंगच्या नावाने विकला गेला. एकच गेम, तीन देशांत तीन बारशी! नावावरून कूळ ठरत नाही, याला याहून चांगला दाखला नको. गंमत म्हणजे संगणकीय क्रिकेटचे घराणे म्हणावे असे गाव आहे मेलबर्न. ईएचा 'क्रिकेट ९६' तेथील बीम सॉफ्टवेअरने घडवला, 'अॅशेस क्रिकेट २००९' तेथल्याच ट्रान्समिशनने आणि 'इंटरनॅशनल क्रिकेट २०१०' तेथल्याच ट्रिकस्टारने. ट्रिकस्टारकडे अनुभव होता, अॅशेस मालिकेचे अधिकृत हक्क होते. एवढे असूनही त्यांचा 'अॅशेस क्रिकेट २०१३' इतका कच्चा निघाला, की विक्रीस आल्यावर काही दिवसांतच तो मागे घेऊन ग्राहकांना पैसे परत करावे लागले. कुळाचा दाखला होता, हातात कला नव्हती.

एप्रिल २०१४ मध्ये त्याच शहरातील बिग अँट स्टुडिओने 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४' आणला. क्रिकेट ०७ मध्ये चेंडू कोठे टप्पा घेणार हे सांगणारी खूण खेळपट्टीवर दिसे. फलंदाजाने ती पाहून दिशा आणि फटका निवडायचा, पुढे सगळा भरवसा कळ दाबण्याच्या वेळेवर. ब्रॅडमनने ही खूण काढून टाकली. गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटताना पाहायचे, एका हाताने पाय हलवायचे, दुसऱ्याने बॅट. पहिल्या दिवशी बहुतेकांचे दांडके दहा चेंडूंत उडे. चेंडू सोडून देणे हाही निर्णय असतो, हे संगणकावर इतक्या ठसठशीतपणे याआधी कोणी शिकवले नव्हते. पुढे याच कंपनीचे 'क्रिकेट १९', 'क्रिकेट २२', 'क्रिकेट २४' निघाले.

तर मग ब्रॅडमन हाच वारस? अर्धाच, असे म्हणावे लागते. क्रिकेट ०७ मध्ये निर्णय होता तो फटक्याच्या निवडीचा आणि वेळेचा. धास्ती होती ती शेजारी बसलेल्या मित्रापुढे त्रिफळा उडण्याची. ब्रॅडमनने फलंदाजाची एकाग्रता वाढवली, पण शेजारचा मित्र दूर गेला. तो घडवला होता गेमपॅड हाती धरून खेळण्यासाठी. एका कळफलकावर दोघे, ही उपनगरी चैन त्यात नव्हती. सहज बसावे, दोन षटके खेळून उठावे, हा दुसरा अर्धा वारसा मोबाइलकडे गेला. चेन्नईच्या नेक्स्ट वेव्ह मल्टिमीडियाचा 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप २' २०१५ मध्ये आला आणि घाटकोपरला गाडीत शिरलेला मुलगा मुलुंड येईपर्यंत त्यावर सामना उरकू लागला. अवघड ते एकाने घेतले, सोपे ते दुसऱ्याने. भावाभावांत घराची वाटणी व्हावी तसे.

आणि मूळ घर? ते ओस पडले नाही. क्रिकेट ०७ मध्ये भारतीय खेळाडूंची खरी नावे वापरण्याचा परवाना नव्हता, म्हणून चाहत्यांनी ती स्वतः बदलली. मग पोशाख बदलले, मैदाने बदलली, बॅटवरचे शिक्के बदलले. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये, म्हणजे गेम निघाल्यानंतर. तरीही तिचे संघ त्यात आले. बोरिवलीत लहानाचा मोठा झालेला रोहित शर्मा जून २००७ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तेव्हा गेम दुकानात येऊन सात महिने झाले होते. त्याला त्या संघात बसवले ते ईएने नव्हे, चाहत्यांनी. एक मोडकी फाइल उघडून, जुने नाव खोडून, त्या जागी नवे टंकून. नंतरच्या विश्वचषकांचे संघही तसेच आले. ज्या संगणकांत सीडीची खाच उरली नाही, त्यांवरही हा गेम पेन ड्राइव्हमधून पोचला, आणि रिची बेनॉ व मार्क निकोलस यांचे तेच समालोचन पुढे चालू राहिले.