खुणेची साक्ष कुठवर पुरते?

पाचशेची नोट हातात आली की आपण ती उजेडाकडे धरतो. कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा उमटला की जीव भांड्यात पडतो. या सवयीचं मूळ इटलीतल्या फाब्रिआनो गावात आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथले कागद करणारे साच्याच्या जाळीवर तारेची आकृती बसवू लागले. तारेवर लगदा पातळ बसतो, तिथून उजेड जास्त येतो. शाई खरवडता येते. पातळपणा कसा खरवडणार? १९०७ साली शार्ल-मोईझ ब्रिके यांनी अशा १६,००० हून अधिक खुणांचा कोश छापला. बिनतारखेच्या कागदाचा काळ अभ्यासक आजही तसल्या कोशांवरून ताडतात.

आता आवाजाला कागद नाही. मग खूण कुठे करायची? म्यूझॅक कंपनीच्या एमिल हेम्ब्रूक यांनी १९५४ मध्ये एका पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६१ मध्ये मिळालं. युक्ती अशी: संगीतातून एक अगदी अरुंद स्वरपट्टा मधूनमधून गाळायचा, आणि गाळण्याच्या कमीजास्त वेळातून मोर्स लिपीत ओळख लिहायची. कानाला कळत नाही, यंत्राला कळतं.

संगणक आला आणि प्रश्नच उलटा झाला, बरं का. कागदावरची खूण नकलेत उतरत नसे, म्हणून ती अस्सल ओळखायला उपयोगी. डिजिटल प्रत आणि मूळ यांत मात्र फरकच नाही. तेव्हा इथली खूण प्रत्येक नकलेत उतरलीच पाहिजे! १९९७ मध्ये इंगमार कॉक्स आणि सहकाऱ्यांनी सांगितलं, की खूण चित्राच्या बिनमहत्त्वाच्या भागात लपवू नका. फाइल लहान करताना तोच भाग आधी टाकला जातो. महत्त्वाच्या भागातच ती हलक्या हाताने पसरा. मग ती पुसायची तर चित्रच बिघडेल.

पण मालकी सिद्ध झाली का? त्याच सुमारास स्कॉट क्रेव्हर, नासिर मेमन वगैरेंनी एक पेच दाखवला. मी माझ्या चित्रात माझी खूण मिळवून ते प्रसिद्ध केलं. तुम्ही त्यातून तुमची खूण वजा केलीत आणि उरलेलं ‘माझं मूळ चित्र’ म्हणून पुढे आणलंत. आता तुमच्या ‘मुळात’ माझी खूण सापडते, आणि माझ्या खऱ्या मुळात तुमची! न्यायाधीशाने काय करावं? उपाय आहेत. खूण मूळ चित्रातूनच अशा गणिताने काढायची, की मागून वजाबाकी जमू नये. किंवा मूळ चित्राची तारखेसह त्रयस्थाकडे आधीच नोंद करायची. म्हणजे बघा, नुसती खूण बोलत नाही. ती कशी केली, कधी केली, हे सांगणारा कुणीतरी लागतोच.

आज हा प्रश्न आणखी पुढे गेलाय. यंत्राने केलेलं चित्र ओळखता यावं म्हणून खुणा घातल्या जातात; गुगलचं सिंथआयडी २०२३ मध्ये आलं. इथे आपले नैयायिक उपयोगी पडतात. धूर दिसला तर अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तसंच खूण सापडली तर चित्र यंत्राचं म्हणता येईल. सापडली नाही म्हणून ते खरं, असं म्हणता येणार नाही. कुणाच्या तरी बदनामीचं चित्र उद्या तुमच्या मोबाइलवर येईल तेव्हा ‘यात खूण नाही, म्हणजे खरंच असणार’ असं म्हणून ते पुढे पाठवू नका. तो लोखंडाचा गोळा आठवा.