ई-स्पोर्ट्स खेळाडूचे करिअर आणि आरोग्य: खेळाडूंनी व पालकांनी काय लक्षात ठेवावे?

जियान झिहाओ हा ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या खेळातला चीनचा नावाजलेला खेळाडू. चाहते त्याला ‘उझी’ या नावाने ओळखतात. वयाच्या पंधराव्या वर्षी तो व्यावसायिक खेळात आला आणि दोनदा जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. जून २०२० मध्ये, अवघ्या २३ व्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. कारण होते टाइप २ मधुमेह आणि हाताचा त्रास. अनेक वर्षांचा ताण, वाढलेले वजन, अवेळी जेवण आणि जागरणे यांचा हा परिणाम असल्याचे त्याने स्वतःच सांगितले. पुढे तो काही काळ पुन्हा खेळला, पण ऐन भराच्या वयात त्याला थांबावे लागले ते लागलेच.

दवाखान्यात पालक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात, “डॉक्टर, हा रोज किती तास खेळला तर चालेल?” तासांचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण या क्षेत्रात करिअर करणाऱ्याच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचे असते ते उरलेल्या तासांत काय होते: झोप, जेवण, व्यायाम आणि दुखणे वेळेवर सांगणे. या लेखात आपण तेच समजून घेऊ.

ई-स्पोर्ट्सचे करिअर कसे असते?

ई-स्पोर्ट्स म्हणजे संगणक, कन्सोल किंवा मोबाईलवर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमच्या संघटित स्पर्धा. व्यावसायिक खेळाडूचा संघाशी करार असतो. त्याला प्रशिक्षक असतो, इतर संघांबरोबर रोज सराव सामने होतात आणि खेळलेल्या सामन्यांचे व्हिडिओ पाहून चुका शोधल्या जातात. २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्सला प्रथमच पदकांचा दर्जा मिळाला. भारतात केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये त्याला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही ई-स्पोर्ट्स आणि पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे मानले आहेत.

हे करिअर लवकर सुरू होते आणि बहुतेकदा लवकर संपते. ‘स्टारक्राफ्ट २’ खेळणाऱ्या १६ ते ४४ वयोगटातील ३,३०५ जणांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रतिसादाचा वेग वयाच्या २४ व्या वर्षापासून हळूहळू कमी होताना दिसला. मात्र वयाने मोठे खेळाडू अनुभवाच्या जोरावर ही उणीव काही प्रमाणात भरून काढतात, असेही त्यात आढळले. म्हणजे वय वाढले की खेळ लगेच संपतो असे नाही. दुखावलेले मनगट किंवा सततचा थकवा मात्र खेळ अकाली थांबवू शकतो.

शरीरावर ताण कुठे येतो?

अमेरिका आणि कॅनडातील महाविद्यालयीन संघांच्या ६५ खेळाडूंची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. हे खेळाडू रोज ३ ते १० तास सराव करत होते. ५६ टक्के जणांना डोळ्यांचा थकवा, ४२ टक्के जणांना मान-पाठदुखी, ३६ टक्के जणांना मनगटदुखी आणि ३२ टक्के जणांना हातदुखी होती. ४० टक्के जण कोणताही व्यायाम करत नव्हते. तरीही डॉक्टरांकडे गेलेले खेळाडू होते फक्त २ टक्के. माझ्या मते या पाहणीतला सर्वांत काळजीचा आकडा हाच आहे.

१. मनगट, अंगठा आणि कोपर

- कार्पल टनेल सिंड्रोम: मनगटातून जाणारी मीडियन नस दबते. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येतात. रात्री झोपेतून जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते.
- करंगळीच्या बाजूच्या मुंग्या: कोपर सतत वाकवून टेबलाच्या कडेवर टेकवल्याने अल्नर नस दबू शकते.
- डी क्वेर्व्हेन: अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या टेंडनच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या आवरणाला सूज येते. मोबाईलवर दोन्ही अंगठ्यांनी खेळणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वळवल्यास चमक येते.

सुरुवातीला विश्रांती, रात्री मनगटाला आधार देणारा पट्टा, फिजिओथेरपी आणि बसण्याच्या पद्धतीत बदल एवढ्यावर बहुतेकांना आराम पडतो. दुखणे जुने झाले तर इंजेक्शन किंवा क्वचित शस्त्रक्रियेची वेळ येते. वेदनाशामक गोळी घेऊन स्पर्धा खेळत राहणे धोक्याचे आहे. गोळीने वेदना दबते, पण नसेवरचा दाब तसाच राहतो. शिवाय अशा गोळ्या वारंवार घेतल्यास पोट आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

२. मान आणि पाठ

डोके पुढे झुकले की मानेच्या स्नायूंवरचा भार कितीतरी पटीने वाढतो. स्क्रीनची वरची कड साधारण डोळ्यांच्या पातळीवर असावी, पाठीला आधार हवा आणि पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. महागडी गेमिंग खुर्ची घेऊनही तासन् तास न उठता बसलात तर तिचा फारसा उपयोग नाही.

३. डोळे

स्क्रीनकडे एकटक पाहताना पापण्या मिटण्याचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, नजर मधूनमधून धूसर होते. दर २० मिनिटांनी २० फूट लांब असलेल्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. सामना चालू असताना हे जमत नाही, म्हणून दोन सामन्यांच्या मध्ये ते कटाक्षाने करावे.

४. झोप

दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १७ व्यावसायिक खेळाडूंच्या झोपेची मोजणी करणारा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना झोप लागण्याची वेळ पहाटे तीन-चारच्या सुमारास होती. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास आणि प्रौढांना किमान ७ तास झोप लागते. झोप कमी पडली की सर्वांत आधी फटका बसतो तो एकाग्रतेला आणि प्रतिसादाच्या वेगाला, म्हणजे ज्यावर हा खेळ उभा आहे त्यालाच.

५. वजन आणि साखर

आपल्याकडे मधुमेहाची आनुवंशिकता अनेक घरांत आहे आणि भारतीयांमध्ये तो तुलनेने कमी वयात, कमी वजनावरही दिसतो. बैठा सराव, रात्रीचा वडापाव-बर्गर-शीतपेये आणि अपुरी झोप यांची त्यात भर पडते. मानेच्या मागे किंवा काखेत त्वचा काळपट, जाडसर दिसू लागली तर तो मळ समजून घासत बसू नका. ते इन्सुलिन नीट काम करत नसल्याचे लक्षण असू शकते.

६. पायातील रक्ताची गुठळी

हे क्वचित घडते, पण जिवावर बेतू शकते. अनेक तास न हलता बसल्याने पोटरीतील शिरांमध्ये रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. रोज दीर्घकाळ संगणकासमोर बसणाऱ्या एका तरुणाला असा त्रास झाल्याची नोंद न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली होती.

मनावरचा ताण

पराभवानंतरची शिवीगाळ, संघातून वगळले जाण्याची भीती आणि घरापासून दूर राहणे हे सगळे कोवळ्या वयात सोसावे लागते. काही गोष्टी तर खेळाडूच्या हातातच नसतात. भारतात ‘बीजीएमआय’ हा लोकप्रिय मोबाईल गेम जुलै २०२२ मध्ये बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. त्या दहा महिन्यांत ज्यांचे सर्वस्व त्या एकाच खेळावर होते, त्यांची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करा. शिक्षण चालू ठेवणे आणि प्रशिक्षण, समालोचन, विश्लेषण यांसारखे पर्याय डोळ्यांसमोर ठेवणे हे मनःस्वास्थ्यासाठीही गरजेचे आहे.

हे व्यसन आहे की सराव?

जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात स्थान दिले असून ते जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तासांची मर्यादा दिलेली नाही. तीन गोष्टी पाहिल्या जातात:

- खेळण्यावर ताबा न राहणे
- इतर आवडीनिवडी आणि रोजच्या कामांपेक्षा खेळालाच प्राधान्य मिळत जाणे
- नुकसान होत असूनही खेळणे चालूच राहणे किंवा वाढणे

याचा अभ्यास, घर किंवा काम यांवर गंभीर परिणाम होत असेल आणि हे साधारण १२ महिने चालू असेल, तर निदानाचा विचार केला जातो. वेळापत्रकाने सराव करणारा, ठरल्या वेळी थांबणारा आणि घरच्यांशी बोलणारा मुलगा आजारी ठरत नाही. “मी प्रो होणार आहे” असे म्हणत शाळा, आंघोळ, जेवण सोडणाऱ्या मुलाला मात्र मदतीची गरज आहे.

एनर्जी ड्रिंक आणि ‘फोकस’च्या गोळ्या

भारतीय नियमांनुसार कॅफिनयुक्त पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असते आणि ती मुलांसाठी नाहीत, अशी सूचना डब्यावर असते. ती वाचा. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सर्वसाधारणपणे सुरक्षित मानले जाते. त्यात चहा-कॉफीही मोजावी. झोपेआधीचे किमान ६ तास कॅफिन टाळावे.

एकाग्रता वाढवण्यासाठी दुसऱ्याच्या नावावरची एडीएचडीची औषधे घेणे चुकीचे आहे. त्याने हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो, झोप उडते आणि सवय लागू शकते. २०१५ मध्ये एका खेळाडूने असे औषध घेतल्याचे उघडपणे सांगितल्यानंतर मोठ्या स्पर्धांमध्ये उत्तेजक चाचण्या सुरू झाल्या.

सरावाचा दिवस कसा आखावा?

- झोपण्याची आणि उठण्याची वेळ ठरलेली ठेवा. सामने रात्री उशिरा असतील तर रोज १ ते ९ अशी झोप चालेल, पण आज दहाला आणि उद्या पहाटे चारला असे नको.
- सरावाआधी ५ ते १० मिनिटे बोटे, मनगट, खांदे आणि मान हलवून मोकळी करा.
- दर तासाला ५ मिनिटे उठा, चाला, पाणी प्या.
- १८ वर्षांखालील मुलांनी रोज ६० मिनिटे, प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम करावा. त्यात दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम असावेत.
- जेवण खुर्चीवरून उठून, ठरल्या वेळी करा. भाकरी-पोळी, डाळ किंवा उसळ, भाजी, दही, अंडी हे साधे जेवण पुरेसे आहे.
- आठवड्यातून एक दिवस हाताला पूर्ण विश्रांती द्या.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पुढीलपैकी काहीही असेल तर काही दिवसांत दाखवा:

- मनगट किंवा अंगठ्याचे दुखणे दोन आठवड्यांहून अधिक राहणे
- रात्री हाताला मुंग्या येणे, हातातून वस्तू निसटणे
- खूप तहान, वारंवार लघवी, कारण नसताना वजन घटणे
- सततची उदासी, चिडचिड, झोप न येणे

ताबडतोब रुग्णालयात जा: अचानक दम लागणे, छातीत दुखणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक दिसेनासे होणे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर एकटे राहू नका, घरच्यांना सांगा आणि ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा.

व्यावसायिक खेळाडूने वर्षातून एकदा वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी आणि डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर ती मधुमेहाच्या आधीची पायरी समजावी. या टप्प्यावर आहार आणि व्यायामाने मागे फिरता येते.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुखत असताना विश्रांती घेतली तर करिअर मागे पडेल का?
दक्षिण कोरियाचा ‘फेकर’, म्हणजे ली सांग-ह्योक, याचे उदाहरण पाहा. जुलै २०२३ मध्ये हाताच्या दुखापतीमुळे तो काही आठवडे खेळला नाही. ऑगस्टमध्ये तो परतला आणि नोव्हेंबरमध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी त्याच्या संघाने जागतिक विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षीही ते राखले.

मुलाचा मोबाईल एकदम काढून घ्यावा का?
त्याने भांडण वाढते आणि मुलगा दुखणेही लपवू लागतो. झोप, जेवण, अभ्यास आणि व्यायाम यांच्या वेळा आधी एकत्र बसून ठरवा आणि उरलेला वेळ सरावाला द्या. ठरलेले वारंवार मोडले जात असेल तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

मनगटाचा पट्टा घालून खेळावे का?
स्वतःच्या मनाने नको. पट्टा मुख्यतः विश्रांतीसाठी असतो. खेळताना तो घालायचा की नाही हे तपासणीनंतरच ठरवावे.

लक्षात ठेवा: क्रिकेटपटूचा खांदा दुखला तर आपण त्याला खेळायला पाठवत नाही. ई-स्पोर्ट्स खेळाडूच्या मनगटालाही तोच न्याय लावा. दुखणे पहिल्या आठवड्यात सांगितले तर बहुतेकदा थोड्या विश्रांतीवर भागते. तेच दोन वर्षे लपवले तर करिअर गमवावे लागू शकते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या त्रासाबाबत प्रत्यक्ष तपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)