बाळंतिणीचे दार

राजांचे जन्म आणि राज्याभिषेक इतिहासात तिथीवार सापडतात. बाळंतिणीचा इतिहास मात्र शोधून काढावा लागतो. चांद्याच्या जंगलात तो शोधू गेले, की कायद्याच्या पुस्तकापासून निघून झोपडीच्या दाराशी यावे लागते. आज आम्ही तेवढीच वाट चालणार आहोत.

आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना पहिली तारीख आठवते ती 1929 ची. त्या साली मुंबई इलाख्यात गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूती-लाभाचा कायदा झाला. आदल्या वर्षी कौन्सिलात त्या विधेयकाची बाजू घेताना, बाळंतपणाच्या आगेमागे आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्याच हिताची आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले होते. चांदा तेव्हा मध्यप्रांतात होता. तेथे 1930 साली तसाच कायदा आला. खाणींसाठी 1941 साली वेगळा कायदा झाला, 1961 साली देशव्यापी कायदा झाला आणि 2017 मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवड्यांवर गेली. हे सारे लढून मिळाले. त्याचे मोल आम्ही कमी लेखणार नाही.

पण या कायद्यांना एक फाटक आहे. हजेरीपटावर नाव असेल तरच ते उघडते. तेंदूपत्ता तोडणारी माडिया बाई, मोह वेचणारी गोंड बाई, पूर्व बंगालमधून येऊन चामोर्शी-मुलचेरा भागात वसलेल्या निर्वासित घरातली सून, मिरची तोडायला तेलंगणात जाणारी मजूर, यांचे नाव कोणत्या हजेरीपटावर शोधायचे?

कायदा नाही पोचला, तर दवाखाना तरी पोचावा. चंद्रपूरचे विभाजन होऊन 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा झाला. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली. दोन गावांतील स्त्रियांची त्यांनी केलेली पाहणी 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. शंभरांतील 92 स्त्रियांना स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 होत्या. बाई दुखणे सोसत होती, कारण सांगावे असे माणूस आणि जावे असे ठिकाण तिला नव्हते. मग या डॉक्टरांनी लोकांनाच विचारले, तुम्हांला दवाखाना कसा हवा? त्यातून शोधग्राममध्ये झोपड्यांच्या वस्तीसारखा, सोबतच्या नातलगांना राहता येईल असा दवाखाना उभा राहिला आणि त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे.

पुढचे पाऊल उंबरठ्याच्या आत पडले. 39 गावांत थोडेफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, न रडणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करणे, जंतुदोष ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही कामे त्या झोपडीतच करू लागल्या. गावच्या सुईणीला हाकलले नाही, जोडीला घेतले. 1993-95 मध्ये तेथे हजारी 62 नवजात बाळे दगावत होती. 1997-98 पर्यंत तो आकडा 26 च्या आसपास आला.

आदर म्हणजे प्रत्येक रूढीपुढे मान डोलावणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. पाळीच्या दिवसांत माडिया बाईने कुर्माघरात राहावे ही चाल आहे. पडक्या कुर्माघरात थंडीपावसाचे आणि सापाविंचवाचे भय असते. कोणी म्हणतो, ते मोडा; काही गावांत त्याऐवजी पाण्याची व संडासाची सोय असलेले पक्के घर बांधले गेले. आमचे मत विचाराल तर ही चाल जावी. पण सभासदांना न विचारता केलेला ठराव टिकत नाही, हे संघटनेत आम्ही अनेकदा पाहिले आहे. तो ठराव त्या बायकांनीच करावयाचा आहे. सरकारलाही हे थोडे उमगले असावे. आदिवासी भागांत प्रसूतीपूर्वी दवाखान्याजवळ राहण्याची सोय केली, तिला नाव दिले 'माहेरघर'. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीतच तेथे कामी आली.

आता हिशेबाची शेवटची ओळ. गडचिरोलीतील पद्धत देशाने स्वीकारली आणि 2011 साली नवजात बाळाच्या घरी जाण्याचे काम गावोगावच्या आशांकडे आले. रात्री-अपरात्री, पुरात, जंगलात तीच दारोदार जाते. तिला सरकार काय म्हणते? स्वयंसेविका. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. जून 2021 मध्ये राज्यातील आशांनी संप केला, तेव्हा शहरांतील पुष्कळांना त्या कोण हेच प्रथम कळले.

म्हणजे 1929 च्या त्या फाटकाबाहेर आज कोण उभी आहे, ते पाहा. जिच्या पायांनी शासन बाळंतिणीच्या दाराशी पोचते, तिचेच नाव हजेरीपटावर नाही. पुढच्या वेळी तिचा मोर्चा आपल्या शहरातून जाईल, तेव्हा रस्ता अडला म्हणून कुरकुरण्यापूर्वी एवढा इतिहास आपण आठवावा, इतकीच आमची विनंती आहे.