वऱ्हाडातील उचल आणि चाकरीच्या करारातील बंधने

अकोला व अमरावती या जिल्ह्यांत सालगड्याचा करार बहुधा तोंडीच होत असे. गुढीपाडव्यास साल ठरावयाचे, काही रोख व काही धान्य असा मोबदला बोलावयाचा आणि त्यांपैकी काही रक्कम उचल म्हणून आगाऊ द्यावयाची, अशी त्याची रीत होती. काम सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यावी, अथवा दुसऱ्याच्या शेतावर जाऊ नये, असे कोणी लिहून घेत नसे. तशी गरजच नव्हती. उचल फिटल्यावाचून गड्यास दुसरा धनी धरणे कठीण होते. फार तर नव्या धन्याने जुन्याची बाकी भरून त्यास सोडवून न्यावे. चाकराला बांधून ठेवणारे बळ कलमात नसून आगाऊ दिलेल्या पैशात असते, ही गोष्ट येथे उघड दिसते.

कायद्याची भाषा मात्र निराळी होती. 1872 च्या कराराच्या कायद्यातील 27 व्या कलमाने धंदा-व्यवसायास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरविला. बंधन वाजवी आहे काय, ही इंग्लंडमधील न्यायालयांची कसोटी या कलमाने स्वीकारली नाही. त्याचे मूळ डेव्हिड डडली फील्ड यांच्या न्यूयॉर्क येथील संहितेच्या मसुद्यात आहे. अंशतः प्रतिबंधही रद्दच, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने 1874 मध्ये दिला. (वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असला तरी नावाने निजामाचाच मुलूख होता, म्हणून हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत, त्यांसाठी गव्हर्नर जनरलचे स्वतंत्र हुकूम लागत. ही घडी 1941 च्या बेरार कायदे अधिनियमाने एकसूत्री केली.)

परंतु याच राज्यकर्त्यांनी 1859 मध्ये उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागीर व मजुरांसाठी वेगळा कायदा केला होता. मॅजिस्ट्रेटने पैसे परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम द्यावा, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. हा कायदा 1925 मध्ये रद्द झाला. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ एका कायद्याने व्यवसायाचे स्वातंत्र्य मान्य केले होते, तर दुसऱ्याने उचलीच्या आधारे तेच हिरावले होते.

मालकांची गोष्ट वेगळी. जिनिंगचे दर एक ठेवून मिळकत ठरल्या प्रमाणात वाटून घेण्याचा कारखानदारांचा करार मुंबई उच्च न्यायालयाने 1897 मध्ये 27 व्या कलमाखाली रद्द मानला नाही. असे ‘पूल’ वऱ्हाडच्या कापूस-व्यवसायातही प्रचलित होते.

सूचनेच्या मुदतीचा बोजाही अखेर पैशातच मोजला जातो. 1936 च्या वेतन कायद्यात दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, करारात ठरलेली सूचना न देता व वाजवी कारणावाचून गैरहजर राहिल्यास मालकास आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापता येई. व्यक्तिगत सेवा मात्र न्यायालय सक्तीने करवून घेत नाही. कल्याणजवळील सेंच्युरी कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये मनाईहुकूम कायम केला, पण तो ठरलेल्या पाच वर्षांच्या उरलेल्या काळापुरताच. पर्यवेक्षकाने मुदतीआधीच ती नोकरी सोडून कोट्यातील प्रतिस्पर्धी कारखान्यात नोकरी धरली होती. नोकरी संपल्यानंतरचा प्रतिबंध 1980 च्या निर्णयातही टिकला नाही.

1976 च्या वेठबिगार निर्मूलन अधिनियमाच्या व्याख्येत आगाऊ रकमेपोटी नोकरीचे स्वातंत्र्य गमावणे याचाही समावेश आहे. 2025 मध्ये मात्र, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची एका सरकारी बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली: ती नोकरीच्या काळातील अट आहे, नंतरचा प्रतिबंध नव्हे, असे कारण देऊन. त्या अधिकाऱ्याने रक्कम भरली, निषेध नोंदवला आणि दुसरी बँक धरली. सालगड्यासही बाकी भरून मोकळे होता येत असे; पण त्याची बाकी अशी एका आकड्यावर थांबलेली नसे, दर पाडव्यास हिशेब नव्याने मांडला जाई आणि वही धन्याच्याच हाती असे.