देवाचे भय आणि लोकांचे भय

गुळाच्या अडत्याकडे वजनावरून बोलाचाली झाली, की कोणी वडीलधारा मध्ये पडतो आणि म्हणतो, “अहो, जरा देवाला भिऊन बोला.” हे वाक्य कोल्हापुरात वाढलेल्या आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे. अशा भिणाऱ्या माणसास आपण पापभीरू म्हणतो. आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या मराठीत त्याच्या शेजारी आणखी एक शब्द नांदतो, तो म्हणजे देवभीरू. या एका शब्दाचा इतिहास आज आम्हांस थोडासा उलगडावयाचा आहे.

बायबलचा जुना करार मुळात बहुतांशी हिब्रू भाषेतला. त्या भाषेत ‘यिर्आ’ या एकाच शब्दात धास्तीही येते आणि आदरही येतो. शत्रू चालून आला असता वाटते ते भय आणि ईश्वरासमोर मस्तक लवते ते भय, दोहोंना तोच शब्द. मराठीत ‘भय’ म्हटले, की पहिला अर्थ पुढे येतो आणि दुसरा मागे राहतो. ‘दरारा’ म्हणावे तर तो फौजदाराचाही असतो. भाषांतरकारांची ही अडचण आपण समजून घेतली पाहिजे.

परंतु अर्थ कोशापेक्षा कथेत अधिक उघड होतो. निर्गम नावाच्या ग्रंथाच्या आरंभीच दोन सुइणींची हकीकत आहे. शिफ्रा आणि पुवा ही त्यांची नावे. इब्री बायकांना मुलगा झाला तर तो जन्मताच मारावा, अशी मिसरच्या राजाची आज्ञा होती. त्या सुइणी देवाला भीत होत्या, म्हणून त्यांनी मुलांना जगू दिले. येथे देवाचे भय माणसाला भित्रा करीत नाही. राजाचे भय तेवढे ते मनातून काढून टाकते. राजाचे नाव ग्रंथकाराने दिलेले नाही, सुइणींची मात्र दिली आहेत, हेही पाहण्यासारखे आहे.

नव्या करारात योहानाच्या पहिल्या पत्रात पूर्ण प्रीती भयाला घालवून देते, असा विचार येतो. मग देवाचे भय उरले कोठे? ख्रिस्ती पंडितांनी यास फार पूर्वीपासून उत्तर दिले आहे. दासाचे भय निराळे, लेकराचे भय निराळे. दास छडीला भितो. लेकरू बापाचे मन दुखावेल म्हणून भिते. पहिले भय गळून पडावे आणि दुसरे वाढावे, हा त्या धर्माचा अभिप्राय. आचरणात सर्वदा तसे घडले, असे मात्र म्हणवत नाही. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसले, ते १८१२ साली कायमचे उठले. तेथे देवाच्या नावाने माणसांचेच भय घालण्यात आले, हे सांगितल्यावाचून हा इतिहास प्रामाणिक होणार नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे एक प्रमुख. जातिभेद मानावयाचा नाही, हा तिचा निश्चय. नवा सभासद ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन तो निश्चय पक्का करी. पण हे सर्व दाराआड! पुरेसे लोक मिळाले म्हणजे जाहीर करू, असा विचार होता. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली आणि तेवढ्यानेच सभा मोडली. देव एक, माणसे सारखी, हे पटलेल्या विद्वानांना एका वहीने गाठले.

त्यांना आम्ही भित्रे म्हणणार नाही. वाळीत पडणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याने तसे म्हणू नये. पाणवठा तुटतो, मुलीचे लग्न अडते, मयताला खांदा मिळत नाही.

याच मंडळीत काही काळ वावरलेले एक तरुण म्हणजे बाबा पदमनजी. जन्म १८३१, बेळगावचा. म्हणजे आपल्या शेजारचेच. त्यांच्याही मनाचा निर्णय एका दिवसात झाला नाही. ‘अरुणोदय’ या आपल्या आत्मचरित्रास त्यांनी नाव दिले तेही हळूहळू उजाडण्याचे. अखेर १८५४ साली त्यांनी बेळगावातच, जेथे प्रत्येक ओळखीचा माणूस पाहणार होता तेथे, बाप्तिस्मा घेतला. दोनच वर्षे आधी, १८५२ साली, वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी आपल्या कोल्हापुरात येऊन राहिले होते. तेव्हा या भागातील लोकांना ही गोष्ट ऐकीव राहिली नव्हती. पदमनजींचे मत कोणास पटो वा न पटो. त्यांच्या नावाची वही चोरण्याचे कारण मात्र कोणास उरले नाही. तीनच वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे हाल उघड मांडले.

परमहंस सभेतील काही मंडळी पुढे प्रार्थनासमाजात आली. तो १८६७ साली दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने निघाला. या वेळी उपासनेचे दार उघडे ठेवले होते. जात मोडण्याची अट मात्र सभासदांवर घातली नव्हती.