शब्दवेध : गहाण

संभाजीनगरच्या सराफ्यात निकषावर ओढलेली पाटलीची पिवळी रेघ निरखून, आतली लाख आणि खडे वजा घालून सराफ जेव्हा कर्जाचा आकडा सांगतो, तेव्हा त्या व्यवहाराला आपण ‘गहाण’ म्हणतो. ते संस्कृत ‘ग्रहण’ या शब्दाचे प्राकृतातून झिजून आलेले रूप आहे. म्हणूनच की काय, सूर्याचे ग्रहण सुटते तसे दागिन्याचे गहाणही ‘सुटते’. ‘तारण’ मात्र तारून नेणारे. एकच पाटली, सावकाराने धरली तर गहाण आणि ऋणकोला तारले तर तारण!

१९४८ पर्यंत या शहराचे दफ्तर निजामी अमदानीतल्या उर्दूत चालत असल्याने तिसरा शब्दही इथल्या कानांना परका नाही: अरबी ‘रहन’, म्हणजे अडकवून ठेवलेली वस्तू. कुराणात प्रवासात लेखनिक न मिळाल्याच्या संदर्भात आलेल्या या व्यवहाराला व्याज वर्ज्य. म्हणून मलेशियात १९९२ पासून चाललेल्या ‘अर-रहनू’ गहाणपेढ्या व्याजाऐवजी दागिना सांभाळण्याचे शुल्क घेतात. हे शुल्क कर्जाच्या रकमेप्रमाणे वाढू लागले, तर ते व्याजाचेच टोपणनाव ठरेल, असे मला वाटते.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार कर्ज फिटल्यावर सात कामकाजी दिवसांत दागिना परत न केल्यास, विलंब कर्ज देणाऱ्या संस्थेमुळे झाला असेल तर, दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.