संमती कोणाची? संविधान-स्वीकृतीची एक आठवण

राज्यघटना लिहिणे हे एक कार्य आणि ती आपली म्हणून स्वीकारणे हे दुसरे. अमेरिकेची १७८७ सालची घटना अमलात येण्यासाठी तेरापैकी नऊ राज्यांच्या परिषदांची संमती आवश्यक होती. फ्रान्सने १९४६ साली आपल्या घटनेवर सार्वमत घेतले. भारतात असे सार्वमत झाले नाही. मग आपल्या संविधानाला संमती दिली कोणी? हा प्रश्न संविधान सभेतच वारंवार विचारला गेला होता.

डिसेंबर १९४६ मध्ये पंडित नेहरूंनी ध्येयविषयक ठराव मांडला, तेव्हा मुस्लिम लीग व संस्थानांचे प्रतिनिधी सभागृहात नव्हते. ते येईपर्यंत ठरावावरील निर्णय थांबवावा, अशी उपसूचना बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी मांडली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला पाठिंबा दिला. अनुपस्थितांची संमती गृहीत धरू नये, हा त्यामागील विचार होता. अखेर २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव मंजूर झाला.

नोव्हेंबर १९४८ मध्ये मसुदा चर्चेला आला, तेव्हा मौलाना हसरत मोहानी यांनी अधिक मूलभूत आक्षेप घेतला. ही सभा प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेली होती आणि त्या विधिमंडळांसाठी मर्यादित लोकांनाच मताधिकार होता. संयुक्त मतदारसंघांच्या आधारे नवी सभा निवडून येईपर्यंत चर्चा तहकूब करावी, असे मौलानांचे म्हणणे होते. सभेने ते फेटाळले. परंतु आक्षेप निराधार नव्हता. त्याची भरपाई काही अंशी चर्चेच्या सखोलतेने झाली. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या.

आज जिथे आपली शाळा उभी आहे, तो सर्जापूर रस्त्याचा परिसर तेव्हा म्हैसूर संस्थानात होता. म्हैसूरचे सात प्रतिनिधी दिल्लीच्या सभेत होते. त्यांपैकी के. हनुमंतय्या यांनी घटनेच्या पाश्चात्त्य वळणावर उघड टीका केली होती. म्हैसूरची स्वतःची संविधान सभाही होती. तिने भारताचे संविधान स्वीकारण्याची शिफारस केली आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी महाराजा जयचामराजेंद्र वडियार यांनी तसा जाहीरनामा काढला. म्हणजे या भूमीची संमती स्वतंत्रपणे नोंदवली गेली आहे.

त्याच दिवशी दिल्लीत डॉ. आंबेडकरांनी समारोपाचे भाषण केले. घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारी माणसे वाईट निघाली तर ती वाईटच ठरेल, हा त्यांचा इशारा होता. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लवकर दूर करावी, असेही त्यांनी बजावले. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, सभेने संविधान अंगीकारले.

आपल्यासारख्या शाळेला या इतिहासाशी एक जिव्हाळ्याचा धागा जोडतो. ८ डिसेंबर १९४८ रोजी अल्पसंख्याकांच्या भाषा व संस्कृतीच्या रक्षणाचे कलम चर्चेत होते. ‘अल्पसंख्य’ हा शब्द केवळ धर्मापुरता नाही, हे स्पष्ट करताना डॉ. आंबेडकरांनी बंगालमध्ये स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीयांचेच उदाहरण दिले. परप्रांतात गेलेल्या माणसाला आपली भाषा जपता यावी, हा त्यांचा आशय होता. त्यातूनच कलम २९ व ३० आकाराला आले. कन्नडभूमीत मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालते, तिला कन्नड शेजाऱ्यांच्या सौजन्याबरोबर या कलमांचाही आधार आहे.

मौलानांच्या आक्षेपाला पुढे उत्तर मिळाले ते १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. प्रौढ मताधिकाराने सतरा कोटींहून अधिक नागरिक मतदार झाले आणि ज्यांना कधी विचारलेच गेले नव्हते, त्यांच्यासमोर मतपेटी आली. तरीही संमती एकदाच देऊन संपत नाही. ज्या पिढीने चर्चा ऐकली नाही, तिला ती समजून घेऊनच संविधान आपलेसे करावे लागते. म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना विनंती की, उद्देशिका मुलांकडून पाठ करून घ्याच. पण तिच्यामागचे मतभेदही त्यांना अवश्य सांगा. मतभेद मांडूनही एकत्र राहता येते, हा धडा त्यांना तेथेच मिळेल.